संकीर्ण

कुपवाडच्या फौंड्रीत आता
आठवड्यातले चारच दिवस भट्टी पेटते.
घरी बोललो नाही.
गुरुवारी, शुक्रवारी तसाच डबा घेऊन निघतो,
आयर्विन पुलाखाली बसतो
कृष्णेचं उतरलेलं पाणी बघत.

हेमलता रात्री
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडते.
दूध अर्ध्या लिटरवर आलं.
भिशीचा नंबर मगदूम वहिनींना दिला.
पिग्मीवाला येतो अजून. विसाचे दहा झाले,
पण पावती तेवढ्याच अदबीनं फाडतो.

काल ती झोपल्यावर पान वाचत गेलो.
संकीर्ण : तीस.
संकीर्ण : तीस.
दर गुरुवारी, दर शुक्रवारी,
अडीच महिने.

सकाळी विचारलं, हे कसले?
ती भाकरी उलटत होती.
म्हणाली, भडंग पंधरा, चहा दहा,
पाच असू देत असेच.
दिवसभर नुसत्या पाण्याकडं बघून
पोट भरतं व्हय?

शर्टाच्या खिशात सापडायचे ते.
मला वाटायचं,
मागलेच उरलेत.

बऱ्याच वेळानं म्हटलं,
मग उद्या डबा नेऊ का नको?
तव्यावरनं नजर न काढता म्हणाली,
न्या.
मगदूम वहिनी बघतात.