छत्तिसावा आरा

महापुरात आठ दिवस जावा पाण्याखाली होती.
इंजिन वाचलं. चाकं गेली.
रिमला बोट लावलं की पापुद्रा सुटायचा,
कांद्याचा सुटतो तसा, पण तांबडा.

मिरजेत दस्तगीर शिकलगार अजून हातानं चाकं बांधतात.
शेजारच्या दारात सतारीचे भोपळे वाळत ठेवलेले,
म्हणून मी उगाच म्हणाले,
तेही तारा लावतात, तुम्हीही तारा लावता.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"सतार बेसूर लागली तर कोण मरत न्हाई, ताई."
मी गप्प स्टुलावर बसले.

गाडी अण्णांची.
अण्णा पशुसंवर्धन खात्यात.
कवठेमहांकाळपासून पार जतपर्यंत
कृत्रिम रेतनाचा थर्मास खांद्याला लावून
गोठ्यागोठ्यातून हिंडायचे.
शाळेत मी सांगायचे, वडील डॉक्टर आहेत.
उरलेलं मुलींना त्यांच्या घरी कळायचं.

आईचा आणि जावाचा छत्तीसचा आकडा.
मी जन्मले त्या रात्री अण्णा ढालगावला होते.
निरोप नऊला पोचला.
अण्णा दवाखान्यात पोचले दुसऱ्या दिवशी अकराला.
तोवर माझी आंघोळ झाली होती,
मामानं पेढेसुद्धा वाटून टाकले होते.
"नागजच्या अलीकडं आरा तुटला."
अण्णा पुढं चाळीस वर्षं एवढंच म्हणाले.
आई चाळीस वर्षं म्हणाली, "हो का."

दस्तगीरभाई जुने आरे तोडत होते.
कट्, आणि डालड्याच्या डब्यात खण्ण.
कट्, खण्ण.
मागच्या चाकाशी कटर थांबला.
"हे कुणाचं काम?"

पस्तीस आरे कंपनीचे.
एका जागी सायकलचे दोन,
एकमेकांना पीळ घालून जाड केलेले,
टोकं पकडीनं वाकवून भोकात कशीबशी अडकवलेली.
अंगावर काटा आला.
मी तिथंच सगळं सांगितलं, तारखेसकट.
त्यांनी ऐकून घेतलं. मग तो पीळ
नखानं वाजवून पाहिला. वाजलाच नाही.
"एक तार तुटली म्हणून जावा थांबत न्हाई, ताई.
हळू चालवत आरामात मिरज गाठली असती.
आन् ह्याच्यावर ताण कधी नव्हताच.
नुसता उभा हुता चाकात."

मग ते नवीन आरे ओवायला लागले.
निम्मे आतून, निम्मे बाहेरून,
एक पुढं झुकलेला, तर त्याला छेदून दुसरा मागं.
बराच वेळ चाक म्हणजे नुसता खुळखुळा होता,
कुणीच कुणाला धरलेलं नव्हतं.
नंतर निपल, पाव फेरा, पुन्हा पाव फेरा.
चाक फिरवून त्यांनी खडू जवळ धरला.
जिथं रिम बाहेर यायची तिथं पांढरी रेघ.
रेघ आखूड होत गेली, ठिपका झाली.
"आता बास. ह्याच्यापुढं आऊट काढाय गेलं
की धड असलेलंच तुटतंय."

संध्याकाळी सांगलीत घरी आले,
तो पीळ आईच्या हातात दिला.
आरा तुटला होता, खरंच तुटला होता, हे सांगितलं.
दुसरं सांगितलं नाही.

आई खिडकीपाशी गेली. उजेडात धरून
तो बोटांत फिरवत राहिली.
"पीळ उलटा आहे. डाव्या हाताचा.
त्यांचाच."
मग बऱ्याच वेळानं,
"एवढ्यासाठी रात्रभर थांबले?"
मी काहीच बोलले नाही.
"गावच्या गाईंची बाळंतपणं केली ह्या माणसानं."
तिनं नाक ओढलं. "भ्याले असतील."

आरा तिनं विणायच्या सुयांच्या डब्यात टाकला
आणि कणीक मळायला घेतली.
चाकं कधी मिळणार, विचारलं.
गुरुवारी, म्हटलं.
परातीकडंच बघत म्हणाली,
"मागं बसणाऱ्याला धरायला काही आहे का गं तिला?"