चौदावी निवड

ड्राफ्ट रात्री दीडला सुरू होतो,
कारण आयोवाच्या गृहस्थाला तेव्हा दुपारी फुरसत असते
आणि ग्दान्स्कच्या बाईंची मुलं झोपलेली असतात.
आमच्या सातपूरला तेव्हा थर्ड शिफ्ट.
एका हातात व्हर्नियर, दुसऱ्यात फोन,
टेबलावर शाफ्टचा ट्रे, चाळीस नग,
दोन शतांश इकडे की तिकडे, एवढीच माफी.

माझ्या संघाचं नाव पाथर्डी फाटा एफ. सी.
बाकीच्यांना वाटतं, एखादं किल्ल्याचं गाव असेल.
मी वाटू देतो.
मागचा मोसम जिंकलो, म्हणून यंदा निवड शेवटून पहिली.
जिंकल्याचा दंड इतका सरळ
मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

सहा आठवडे एकाच पोरावर नजर होती.
एमिल हाव्हेरा. वय सतरा, डावा बचावपटू.
वेग सोळा, टॅकल बारा,
'धीर' या रकान्यात प्रश्नचिन्ह.
ते पुसायचं तर स्काउट पाठवा,
स्काउटला गुण मोजा.
माझ्याकडचे होते तेवढे मोजले.
त्याला आई नाही, त्याला बूट चावत नाहीत,
कुठल्यातरी सर्व्हरवर सांडलेले आकडे आहेत ते,
कळतं मला.
तरी त्याचा कॉर्नर जवळच्या खांबाकडे वळून आत गेला
हे वाचलं तेव्हा गेटपाशी मोठ्यानं 'शाब्बास' म्हणालो.
वॉचमन ढिकले म्हणाले, काय हो?
म्हटलं, काही नाही, पोरगा पास झाला.

रिजेक्शन रजिस्टरच्या मागच्या पानांवर
तेरा नावांवर काट मारत आलो.
बारावी निवड झाली, हाव्हेरा शिल्लक.
तेरावीला ग्दान्स्कच्या बाईंनी स्ट्रायकर उचलला.
माझी दोन मिनिटं सुरू झाली
आणि सात नंबरच्या मशिनवर लाल दिवा.
बस्ते ओरडला, टूल गेलं!

इन्सर्ट बदला, ऑफसेट घ्या, पहिला नग तपासा.
चार शतांश कमी. पुन्हा.
अकरा मिनिटांनी परत आलो.
घड्याळ संपलं की सिस्टिम स्वतःच निवडते,
संघात काय कमी आहे ते बघून.
तिनं मला गोलकीपर दिला होता.
यान कोसेक, एकोणीस, उंची पाच फूट सहा.
हाव्हेरा दुसऱ्या फेरीच्या तोंडालाच आयोवाला गेला.
चॅटवर हसरे चेहरे, ओळीनं.

पाच सहा.
गोल्फ क्लबच्या मैदानावर, जिल्हा निवडीच्या यादीत
माझ्या नावापुढे पेन्सिलीनं हाच आकडा होता.
देवळाली कॅम्पातली पोरं
क्रॉसबारला लोंबकळून गप्पा मारायची.
माझ्यावर कुणी एक चेंडूसुद्धा मारून पाहिला नाही.
हे चॅटवर काय लिहायचं.
लिहिलं: ठीक आहे.

नको असलेला खेळाडू चोवीस तासांत सोडता येतो,
बटण ठळक आहे.
सकाळी सातला हातावरचं कूलंट साबणानं जाईना,
तसाच बसच्या रांगेत उभा राहून
सरावाचे सगळे तास मी 'झेप'वर टाकले.
'उंची'वरही बोट ठेवून पाहिलं.
तो रकाना करडा असतो, दबत नाही.

पहिला सामना मंगळवारी, आयोवाशी.
त्यांचे कॉर्नर आता हाव्हेरा घेणार,
आणि तो कसे घेतो, हे
माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.