शून्याचं तिकीट

खानापूर स्टँडवर बसची पाटी
रोझीन वाचते, सगळ्यांसाठी.
बिडीला निघालेल्या मावशीसाठी, माझ्यासाठीही;
कन्नड अक्षरं अजून माझ्याकडे पाठ करून बसतात.

कंडक्टर तिचे केस बघतो, रंग बघतो,
इंग्लिश जुळवतो, "मॅडम, विच कंट्री?"
"गोल्याळी," ती म्हणते. आधार पुढे धरते.
तो फोटो बघतो, उलटं करून पत्ता बघतो,
पुन्हा फोटो.
मला मात्र कार्ड न बघताच
बायकांचं शून्याचं तिकीट.
बस हसली. मीही हसले होते,
खरं सांगते.

मग पुण्यात, मेसमध्ये, आमटी वाढता वाढता
कुणीतरी म्हणालं,
"कर्नाटकातली ना तू? मराठी छान बोलतेस गं!"
घास हातातच.
घरात दुसरी भाषाच नाही, हे कसं सांगायचं?
तोंडातून आलं, "जेवूया की गे आधी."
त्या 'गे'वर टेबल हसलं.

रात्री रोझीनला फोन लावला.
पलीकडे तिची कोंबडी ओरडत होती.
म्हणाली, "विचारलं की गावाचं नाव सांगायचं
आणि हात पुढेच ठेवायचा,
तिकीट देईपर्यंत."