डोमाजी पराते कॅमेरा विकताना

बेलोज आधी पाह्यजो, लेन्स मंग.
अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लाव,
चांदणी दिसली का समज भोक हाये.
आपला मे महिना चामड्याले सोडत नाही,
घडीचे कोपरे पहिले जातात.

शटरचा एक सेकंद कानानं मोज.
घरघर मधातच अडकली तं भाव पाड,
माह्या तोंडाकडे पाहू नको.

ट्रायपॉड जड घेजो. हलका घेशीन
तं फुटाळ्याच्या वाऱ्यात आठशेची शीट गेली.
फिल्म फ्रिजात, संत्रा बर्फीच्या खाली.
काढल्यावर तासभर डबा उघडू नको,
घाम फुटते तिले.

मीडियम घेऊ का मोठा, इचारतं?
नाचणारे लोकं असन तं एकशेवीसचा रोल,
बारा फोटो, आटोपलं.
चार बाय पाचले थांबणारं मानूस लागते.

माही बायको थांबे.
गोळीबार चौकात, मागाच्या दारात, भर उन्हात.
मी काळ्या कपड्याखाली,
थे काचेवर उलटी, पाय आभाळात.
उलटं हसू रडल्यावानी दिसते म्हनतात.
तिचं नाही दिसलं कधी.

होल्डर मोजून घे. सहा हायेत.
सातवा मांगू नको,
भरेल हाये.