शिल्लक तीन

माझे वडील मुरगांव बंदरात मालधक्क्यावर कारकून होते.
पोत्यांचा हिशेब ठेवायचे.
एक पोतं कमी भरलं तर त्या रात्री जेवत नसत.
हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं खरं वाटेल.

बेचाळीस साली एक जहाज
आजारी इंजिनवाल्याला धक्क्यावर उतरवून निघून गेलं.
ड्यूगल रॅन्किन. नुसती हाडं आणि हिवताप.
जगभर लढाई होती, आमच्याकडे तेवढी नव्हती.
पोर्तुगालनं हात वर केलेले,
आणि बंदराबाहेर एकमेकांच्या वैऱ्यांची जहाजं
एकाच भरतीवर डुलत होती.

अंगातला ताप उतरला तसा तो चिखलीच्या शेतात येऊन बसू लागला.
भात कापून झालेलं, खुंटं पायांत शिरणारी.
सुकूर पोदेराचा थोरला, गुणाजी गावड्याचे दोघे,
आणि गोलात माझे वडील,
ऑफिसची पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून.
दोन नारळ ठेवले की झाला गोल.

एकदा चेंडू घरंगळत त्याच्यापाशी गेला
आणि त्यानं तो परत दिलाच नाही.
अनवाणी उठला, डाव्या बांधाच्या कडेकडेनं निघाला.
सुकूरचा पोरगा म्हातारपणीही सांगायचा,
घरचं कुत्रं यावं तसा चेंडू त्याच्या मागून चाललेला.
गावड्यांचे दोघेही उताणे.
वडिलांनी उडी मारली ती उजवीकडे.

मग बांधावर बसून, तळव्यातली कुसळं काढत,
रेल्वेच्या मोडक्या इंग्रजीत जे कळलं ते असं:
क्लाइड नदीकाठी बाप जहाजांना रिवेट ठोकायचा.
हा वीस वर्षांचा, क्लबात डाव्या कडेला.
एकोणचाळीसचा मोसम सुरू झाला, पाच सामने झाले,
याचे तीन गोल.
तेवढ्यात लढाई लागली, लीग बंद झाली,
आणि वरून ठरलं, हे पाच सामने धरायचेच नाहीत.
त्याच्या गल्लीतलं अजून कुणी मेलं नव्हतं.
नुसते गोल गेले.

'पण जाळ्यात गेले होते ना?'
'गेले होते.'
'पंचानं शिट्टी दिली?'
'दिली.'
'मग?'
वडिलांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.
धक्क्यावर उतरलेला माल, सही झालेली,
तो उतरलाच नाही असं म्हणणार कोण?

त्या रात्री कंदिलाशी बसून त्यांनी
खोबऱ्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.
पहिला: डावा पाय, खांबाला लागून आत.
दुसरा: नडगीवर आपटून गेला, स्वतःच हसतो.
तिसरा: डोक्यानं, पाऊस, गोलकीपरचं नाव आठवत नाही.
आवक तीन. जावक नाही. शिल्लक तीन.
खाली सही. सगुण विठू चोडणकर.
वही माझ्याकडे आहे. वाळवीनं दुसऱ्याची नडगी खाल्लीय.

शिमग्याच्या आधी एका जहाजानं त्याला नेलं.

सत्तेचाळीस साली पत्र आलं.
क्लबानं परत बोलावलं होतं. वय अठ्ठावीस,
आणि गुडघा कुणाचं ऐकेना.
राखीव संघातून अकरा सामने, एकही गोल नाही.
आता बापाचा हातोडा त्याच्या हातात.
तक्रार कुठेच नव्हती.
खाली वेगळ्या शाईत एक ओळ:
तुमच्या पोरांविरुद्ध मी किती मारले
तेही वहीत असतील ना?

त्या शेतावर आता गोदाम आहे,
वरून विमानं इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात.

वही मी उलटसुलट पाहिली.
खोबरं आहे, मीठ आहे, कौलं आहेत,
फुटलेल्या कौलांचा वेगळा रकाना आहे.
चिखलीचा एकही गोल नाही.
वडिलांना एकदा विचारलं.
ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले,
'अरे, मी खेळत होतो.
मोजणार कोण?'