फळ्यावर पाच ओळी

वाचनालयाच्या दारातला फळा तीन बाय दोनचा.
त्यावर पाच ओळी मावतात.
सहावी लिहिली तर चौकटीच्या लाकडावर चढते.
सकाळी साडेसातला मी कालची तारीख पुसतो,
ओल्या फडक्याने, दोनदा.
एकदाच पुसलं तर कालची माणसं
आजच्यांच्या खालून डोकावत राहतात.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
नोटांचे नंबर तपासले.
एक आकडा दोनदा येऊ द्यायचा नाही,
एवढीच नोकरी.
आता नेमकं उलटं काम मिळालंय:
एकच आकडा, दर वर्षी,
आणि त्यावर जमलेली गर्दी.

दोन मार्च.
१९३० : काळाराम मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू.
ही ओळ कायम पहिली. तिच्यासाठी पिवळा खडू
मी खिशात वेगळा ठेवतो.

१९६९ : कॉन्कॉर्डचं पहिलं उड्डाण.
आवाजाला मागे टाकणारं विमान.
ओझरच्या माझ्या साडूला त्याचं काय कौतुक,
त्याच्या खिडक्यांच्या काचा
लढाऊ विमानांनी केव्हाच खिळखिळ्या केल्यात.

१९७२ : पायोनियर दहा, गुरूच्या दिशेने रवाना.
इथे खडू अडतो.
ते उडालं तेव्हा तिकडे दोन तारखेची रात्र होती
आणि आपल्याकडे गंगेवर तीन तारखेची सकाळ,
ओली धोतरं पायऱ्यांवर पसरलेली.
मग यान कुठल्या फळ्यावरचं?
मी दोन्ही दिवशी लिहितो.
प्रेसमध्ये असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

चौथी ओळ लिहीत होतो, कुठल्याशा देशाचं स्वातंत्र्य,
तेवढ्यात मागून आवाज आला,
"आमचे दादा ह्याच दिवसाचे."
सुलोचनाबाई दोंदे, दवाखान्यातून रिटायर झालेल्या,
रोज पेपर वाचायला येतात, कोडं सोडवून जातात.
बोट पिवळ्या ओळीवर.

वस्ती मिरवणुकीला गेली होती म्हणे, सगळीच.
सुईणसुद्धा.
देवळाची दारं लावून घेतली, लोक घाटाकडे वळले,
तिथे सभा झाली, सुईण शेवटपर्यंत बसली.
घरी आली तर दादा आधीच आलेले.
नाळ शेजारच्या आंधळ्या म्हातारीने कापली.

तारीख कोणी टिपून ठेवली नाही,
लिहिता येणारे सगळे तिकडेच होते.
पुढे शाळेत गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा?
आजी म्हणाली, देवाची दारं लावली त्या दिवसाचा.
गुरुजींनी दौतीत टाक बुडवला
आणि लिहिलं : १ जून.

एक जून.
मीही एक जूनचाच.
प्रेसमधून एकतीस मेला एका खात्यातले अकरा जण
एकदम बाहेर पडलो,
अकरा नारळ, अकरा शाली, भाषण एकच.
त्यातला एक पुरातला, एक पोळ्याचा,
एक शेजारची म्हैस व्याली त्या रात्रीचा,
बाकीच्यांचं विचारायला आया राहिल्या नव्हत्या.
अकरा कागद आणि नंबर एक!
नोट असती तर मीच बाद केली असती.

मी म्हटलं, बाई, दादांचं नाव सांगा,
खाली जागा करतो.
कॉन्कॉर्ड पुसायला फडकं उचललंही.

त्यांनी विचारलं, "फळा उद्या पुसता?"
"रोजच पुसतो."
"मग राहू द्या."

चष्मा घडी करून पिशवीत टाकला,
पायरी उतरता उतरता म्हणाल्या,
"आणि ते विमान नका पुसू.
दादांना विमानं फार आवडायची."