साडेतीन मिलिमीटर

पहाटे साडेचारला मी सातव्या ग्रीनवर हात टेकवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.
कोमट आहे.
रात्रभर कोमटच होतं म्हणजे.
मुळांना झोप लागलेली नाही.

होटगी रस्त्याच्या पलीकडं, काळ्या मातीत,
कुणाला तरी नऊ होलचं स्वप्न पडलं
आणि ते मोडू नये म्हणून मला नेमलं.
इथं, सोलापुरात,
जिथं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं
आणि बायको कॅलेंडरवर सणांच्या आधी
पाण्याचे वार लिहून ठेवते.

हे सांडपाणी आहे, शुद्ध केलेलं,
पिण्याचं नाही, असं मी प्रत्येकाला सांगतो.
कुणी विचारलेलं नसतं.
रेणव्वा कुंपणाशी घागर टेकवून उभी राहते,
फवारा एक फेरी फिरतो, दोन फेऱ्या,
ती बघते आणि टँकरच्या रांगेकडं निघून जाते.
एखादी शिवी हासडली असती
तर मला दिवस सोपा गेला असता.

वडील यंत्रमागावर होते.
कापडावर भिंग ठेवून इंचातले धागे मोजायचे.
एक आडवा धागा सुटला तर अख्ख्या चादरीची मजुरी कापली जायची.
मी गुडघ्यावर बसून पात्यांची उंची मोजतो.
साडेतीन मिलिमीटर.
चार ठेवली की चेंडू रेंगाळतो आणि समितीचं पत्र येतं.
तीन ठेवली की एप्रिल सगळं खाऊन टाकतो.
मधल्या त्या अर्ध्या मिलिमीटरवर
माझं घर उभं आहे, हप्त्यासकट.

करार अकरा महिन्यांचा.
बाराव्या महिन्यात मी कागदावर नसतो.
गवत असतं.
म्हणून येतो.

रसूलभाई बुरशीचं औषध मारतात तोंडाला टॉवेल बांधून.
मास्कचा अर्ज दिला, त्याला आता सात महिने झाले.
खजिनदार हसून म्हणाले,
अहो, सोलापूर आहे, टॉवेलला काय तोटा?
सगळे हसले. मीही.
संध्याकाळी रसूलभाई खोकले
तेव्हा ते हसू घशात आलं.

आईला एकदा रिक्षानं आणून दाखवलं सगळं.
ती सावलीत बसून बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, इंत गड्डी, बर्रे लेदा?
एवढं गवत, आणि म्हैस नाही?
तिला काय उत्तर द्यायचं ते
कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी स्पर्धा.
पुण्याहून पाहुणे येणार, ग्रीन तीनवर आणा, असा निरोप आला.
पारा त्रेचाळीस.
शनिवारी रात्री मी आणि रसूलभाईंनी
पात्याला धार लावली, रोलर दोनदा फिरवला,
उंचीच्या स्क्रूला हात लावला नाही.
वहीत मात्र लिहिलं : तीन.
माझं अक्षर कधी नव्हे ते सुबक आलं.

रविवारी अध्यक्षांचा चेंडू सरळ होलमध्ये गेला.
वा, म्हणाले, फरक कळतो बघा. तीन ना?
तीन, मी म्हणालो.
रसूलभाई पाईप गुंडाळत होते,
त्यांनी वर पाहिलं नाही,
नुसता पाईपचा एक वेढा जास्त घातला.

कशासाठी खोटं बोललो, नीट सांगता येत नाही.
नोकरीसाठी म्हणावं तर नोकरीच गेली असती.
त्या मुळांनी माझ्यासाठी काय केलंय?

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर
वडिलांचा व्यवसाय ह्या रकान्यात
कारकुनानं आपल्या मनानं लिहिलं : माळी.
मुलगी रागावली, खोडायला निघाली.
राहू दे, म्हटलं.
सुपरिटेंडंट त्या चौकटीत मावलंही नसतं.

दुपारचा दीड. आता नुसता शिडकावा,
मुळांना नाही, पात्यांपुरता,
एका श्वासाची उसंत मिळेल एवढाच.
लांब कुठंतरी मागांचा खडखडाट सुरू आहे.
कुंपणाशी कुणी नाही आज.
मी तरी त्या बाजूला पाठ करून उभा राहतो
आणि नळ सोडतो.